बरणी बदलली की लोणचंही बदलतं

लोणची, मुरांबे, आगळ, सरबतं करणारे छोटे उद्योग आणि बचत गट काचेची बरणी सोडून पेट या हलक्या, पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीकडे वळले, त्याला आता बराच काळ लोटला. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात किंवा मुंबई-गोवा महामार्गालगतच्या दुकानांत काच दिसते ती अपवादानेच. या बदलाबद्दल दोन ठरावीक मतं ऐकू येतात. ग्राहक म्हणतो, प्लास्टिकमधलं लोणचं म्हणजे विष. उत्पादक म्हणतो, काच परवडत नाही, विषय संपला. दोन्ही मतं अर्धवट आहेत. कोणता पदार्थ कशात भरायचा हे त्या पदार्थाच्या स्वभावावरून ठरलं पाहिजे, आणि काच हवी असेल तर ती परत येण्याची व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे. एकदाच वापरून फेकली जाणारी काच 'पर्यावरणस्नेही' म्हणून विकणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी उत्पादकाची बाजू, कारण ती खरी आहे. अर्धा किलो लोणच्याची काचेची बरणी साधारण २२० ते २५० ग्रॅमची असते, तेवढ्याच मापाची पेटची बरणी २८ ते ३२ ग्रॅमची. हजार बरण्या पाठवल्या की सव्वादोन ते अडीच क्विंटल नुसती काच वाहून न्यावी लागते. कुरिअरला पाठवताना बबल रॅप, पाच पदरी खोका आणि मधल्या उभ्या पट्ट्या लागतात. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ५,००० ने भागतात आणि ते आकारमानाचं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडं लावतात. त्यामुळे काचेच्या रक्षणासाठी घातलेल्या हवेचंही भाडं भरावं लागतं.

त्याहून गंभीर प्रश्न फुटण्याचा. वाटेत फुटलेली बरणी हा पैशाचा तोटा. भरताना टेबलावर फुटलेली बरणी हा जिवाचा धोका. दहा-बारा बायका एका टेबलाभोवती भरत असतील आणि एक बरणी तडकली, तर आजूबाजूच्या सगळ्या उघड्या बरण्यांतला माल टाकून द्यावा लागतो. लोणच्याच्या दाट खारात काचेचा कण डोळ्यांनी सापडत नाही, चाळणीने निघत नाही आणि धातुशोधक यंत्रालाही तो कळत नाही. टेबलाला कडा आणि टाकलेल्या मालाची नोंद, ही शिस्त जिथे पाळता येत नाही तिथे काच वापरूच नये, असं आम्ही काचेच्या बाजूचे असूनही म्हणतो.

मात्र पेटची बरणी म्हणजे हलकी आणि न फुटणारी काच, अशी समजूत करून घेतली जाते, आणि तिथून गडबड सुरू होते.

पहिली अडचण उष्णतेची. साधं पेट ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि बरणीचा आकार त्याआधीच, ६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो. मुरांबा, जॅम, चटणी काचेत भरताना ती ८५ अंशांच्या वर भरली जाते. मग झाकण लावून दोन-तीन मिनिटं बरणी उलटी ठेवली की झाकणाची आतली बाजूही त्याच उष्णतेने निर्जंतुक होते. थंड झाल्यावर आत निर्वात तयार होतो आणि झाकण मधोमध आत ओढलं जातं. हे सगळं काम उष्णता फुकट करत होती. पेटमध्ये तोच मुरांबा ५० अंशांपर्यंत निववून भरावा लागतो, म्हणजे बरणी आणि झाकण उष्णतेने निर्जंतुक होत नाहीत, आणि निवण्याच्या त्या वेळात हवेतली बुरशीची बीजं पातेल्यावर उतरतात. मग बुरशी धरते, तक्रार येते, आणि उत्पादक सोडियम बेन्झोएट हे परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवणारं रसायन, घालायला लागतो किंवा त्याचं प्रमाण वाढवतो. म्हणजे बदलली फक्त बरणी, पण पदार्थ टिकवण्याचं काम उष्णतेकडून रसायनाकडे गेलं. 'परिरक्षक नाही' असं लेबलवर लिहिणाऱ्या गटाने पेट घेण्याआधी हे समजून घेतलं पाहिजे. ८५ अंशांपर्यंतची भरणी सोसणारं खास उष्णतेने घट्ट केलेलं पेट मिळतं. त्याच्या बऱ्याच बाटल्यांची मान दुधी पांढरी असते, त्यावरून ते ओळखू येतं. पण तशा बरण्यांची किमान मागणी छोट्या उद्योगाच्या आवाक्याबाहेरची असते.

लोणच्याचं तसं नाही. फोडणी निववून, थंडच भरायची हीच आपली रीत आहे, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न येत नाही. घाईत कोमट तेल ओतलं तरच बरणीचं बूड वाकतं, किंवा झाकण लावल्यावर आतली हवा आकसून बरणीच्या भिंती आत चेपतात. लोणच्याला छळतो तो ऑक्सिजन. काचेतून हवा अजिबात जात नाही. पेटमधून जाते: अर्ध्या लिटरच्या बरणीच्या भिंतीतून दिवसाला साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिलिटर ऑक्सिजन आत झिरपतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण वर्षाचा हिशेब ११ ते १८ मिलिलिटर होतो. भरताना वर सोडलेल्या २५ मिलिलिटर रिकाम्या जागेत ऑक्सिजन असतो जेमतेम ५ मिलिलिटर. त्याच्या दुप्पट-तिप्पट ऑक्सिजन वर्षभरात भिंतीतून आत येतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तो आणखी वेगाने येतो. म्हणून काचेत वर्षभर चांगलं राहणारं कैरीचं लोणचं पेटमध्ये आठव्या-नवव्या महिन्यात खवट लागू शकतं आणि वरच्या फोडी काळवंडतात. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची बरणी उकळतं पाणी सोसते म्हणून काही जण ती निवडतात, पण तिच्यातून ऑक्सिजन पेटपेक्षा तीस-चाळीस पटींनी जास्त जातो. तेलकट पदार्थाला ती लांब मुदतीसाठी नकोच. मसाला, मेतकूट, पापड यांना हवेपेक्षा दमटपणा मारतो. तिथे हिशेब उलटा लागतो, कारण पाण्याची वाफ अडवण्यात पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई (घन पॉलिथिलीन) हे पेटपेक्षा सरस आहेत. एकाच गटाने एकाच मापाच्या पेट बरणीत लोणचं, मेतकूट आणि मुरांबा भरणं हे सोयीचं असेल, बरोबर नाही. खरं तर पेटमध्ये जाताना लेबलवरची टिकण्याची मुदत नव्याने तपासून ठरवायला हवी, पण काचेच्या काळातले 'बारा महिने' तसेच छापले जातात.

दुसरी मोठी तक्रार पाझरण्याची. काचेच्या बरणीचं धातूचं झाकण आतल्या मऊ कड्यावर दाबून बसतं. पेटच्या झाकणात फोमची चकती असते आणि तेल तिच्या कडेने वर चढतं. यावर उपाय इंडक्शन सील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पातळ चकती बरणीच्या ओठाला चिकटवणं. ती चिकटण्याचा थर पेटसाठीचाच हवा; पॉलिथिलीनच्या बाटलीसाठीची चकती पेटवर नीट धरत नाही आणि पहिल्या दिवशी चिकटलेली दिसली तरी आठवड्यात सुटते. ओठावर तेलाचा थेंब असला तर कोणतीच चकती धरत नाही. म्हणून रुंद तोंडाचं नरसाळं लावून भरायचं, ओठ कोरड्या सुती कापडाने पुसायचा आणि मगच झाकण लावायचं. प्रत्येक घाण्यातल्या चार-पाच बरण्या चोवीस तास उलट्या ठेवून दाबून पाहायच्या. कोकणातून देशावर माल पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आंबा घाट किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या उंचीला गेलं की हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो, त्यात गाडीच्या हौद्यातली उष्णता. आतली हवा फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. रत्नागिरीत कोरडी असलेली बरणी कोल्हापुरात चिकट होऊन उतरते, याचं बरंचसं कारण इथे आहे.

फुगण्याची तक्रार मात्र बरणीची नाही. मीठ कमी पडलं किंवा लोणचं पुरतं मुरण्याआधी भरलं की आंबवण चालू राहतं आणि वायू तयार होतो. काचेची बरणी तो दाब निमूट सोसते, तर पेटचं बूड बाहेर येतं आणि बरणी डगमगते. आजीच्या चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधलेला असायचा, त्यातून वायूला वाट होती. बंद बरणीत ती नाही. तीन-चार आठवडे पिंपात मुरवून, वायू निघून गेल्यावर भरलं तर हा त्रास बहुतांशी जातो.

आता विषाचा मुद्दा. लोकांची काळजी योग्य आहे, पण तिचा रोख चुकतो. ज्याची भीती घातली जाते ते बीपीए हे रसायन पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकमध्ये आणि डब्यांच्या काही आतल्या लेपांत असतं, पेटमध्ये ते वापरत नाहीत. पेट तयार करताना अँटिमनीचं संयुग उत्प्रेरक म्हणून लागतं, त्याचा अल्पांश पदार्थात उतरू शकतो. सामान्य तापमानाला तो नगण्य असतो, ६० अंशांच्या पुढे वेगाने वाढतो. गरम भरायचं नाही याला हे दुसरं कारण. मऊपणासाठी घातली जाणारी द्रव्यं, ज्यांत थॅलेट येतात, ती प्रामुख्याने पीव्हीसीत असतात. आणि पीव्हीसी कुठे असतं? काचेच्या बरणीच्या धातूच्या झाकणाला आतून जे मऊ कडं असतं, ते बहुधा पीव्हीसीचंच असतं. तेल त्याला सतत लागत राहिलं की ती द्रव्यं तेलात उतरतात. म्हणून काचेतलं लोणचं आडवं ठेवू नये, तेलाची पातळी झाकणाखाली ठेवावी आणि तेलकट पदार्थासाठीचं झाकण मागून घ्यावं. फ्रान्सच्या आन्सेस या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत शीतपेयं आणि बिअरच्या काचेच्या बाटल्यांत प्लास्टिकच्या बाटल्यांपेक्षा जास्त सूक्ष्मप्लास्टिक आढळलं, आणि त्याचा उगम बुचांवरच्या रंगात होता. काच शुद्ध आहे, पण काचेची बरणी केवळ काचेची नसते.

खरा धोका आहे स्वस्त, बिगर-खाद्य दर्जाच्या बरणीत. २०१८ च्या अन्न सुरक्षा पॅकेजिंग नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. पेटसाठी आयएस १२२५२ हे भारतीय मानक आहे आणि चाचणी आयएस ९८४५ प्रमाणे होते. पुरवठादार प्रमाणपत्र दाखवतो तेव्हा ते कोणत्या द्रवात केलेल्या चाचणीचं आहे हे वाचावं. नुसत्या पाण्यातल्या चाचणीचा लोणच्याला उपयोग नाही. लोणचं आंबटही असतं आणि तेलकटही, म्हणून ३ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल (आंबटासाठी) आणि एन-हेप्टेन (तेलासाठी) या दोन्हींतले निकाल मागावेत. ते न देणाऱ्याकडून बरणी घेऊ नये, मग ती दोन रुपयांनी स्वस्त का असेना.

पर्यावरणाच्या बाबतीत काचेच्या चाहत्यांना कटू वाटेल असं सांगणं भाग आहे. काचेची भट्टी सुमारे १,५०० अंशांवर रात्रंदिवस चालते, ती बंद करता येत नाही. किलोला किलो मोजलं तर पेट जास्त कार्बन सोडतं, पण एका बरणीला पेट आठपट कमी लागतं, त्यामुळे बरणीला बरणी मोजली की हिशेब उलटतो. त्यात फिरोजाबाद किंवा गुजरातमधून कोकणापर्यंतची वाहतूक. जुनी फुटकी काच भट्टीत घातली तर मदत होते, पण १० टक्के काचतुकड्यांमागे ऊर्जा वाचते ती अडीच-तीन टक्केच. शिवाय तळकोकणातल्या गावातून काच भट्टीपर्यंत नेण्याचं भाडं काचेच्या किमतीहून जास्त होतं, म्हणून भंगारवाला तिला हातही लावत नाही.

पेटची बरणी तरी परत वापरात जाते का? स्वच्छ, बिनरंगाच्या पेटला भंगारात भाव आहे. त्याचे तुकडे धुऊन धागा करतात. लोणच्याच्या बरणीला मात्र आत तेल-हळद, बाहेर न निघणारा स्टिकर आणि अनेकदा पीव्हीसीची आकसणारी पट्टी असते. धुण्याच्या टाकीत झाकणाचं पॉलिप्रॉपिलीन तरंगून वेगळं होतं, पण पीव्हीसी पेटबरोबरच बुडतं आणि पुढे वितळवताना जळून सगळा घाणा पिवळा पाडतं. म्हणून अशा बरण्या बाजूला टाकल्या जातात आणि शेवटी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, किंवा चुलीत जातात. पेट वापरणाऱ्या उद्योगाने निदान पीव्हीसीची पट्टी आणि रंगीत बरणी सोडावी. त्याला खर्च काही येत नाही.

तर काच टिकायची एकच अट आहे: ती परत यावी. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं तेव्हा रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. रोजची फेरी होती, म्हणून बाटली फिरत राहिली. पिशवी आली आणि परतीची फेरीच संपली. आज काही महागडी दुधं पुन्हा काचेत येतात तीही याच जोरावर, कारण दूध टाकणारा रोज दारात येतो. लोणच्याचं गिऱ्हाईक वर्षातून दोनदा भेटतं. तिथे बाटली परत आणायला पैशाची ओढ लागते.

ती ओढ पुरेशी हवी. २३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिक अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैशांचा परतावा छापण्याची तरतूद होती. पन्नास पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून दुकानात नेणार कोण, आणि दुकानदार ती ठेवणार कुठे? याउलट मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तमिळनाडू सरकारने निलगिरी जिल्ह्यात २०२२ मध्ये दारूच्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये अनामत घ्यायला सुरुवात केली आणि बाटल्या मोठ्या प्रमाणात परत आल्या. रक्कम वाकून उचलण्याजोगी होती, विकणारा एकच होता आणि बाटली त्याच खिडकीवर परत घेतली जात होती. गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. आपल्याकडे लोणची-मुरांब्यांसाठी याच धर्तीवर तालुका पातळीवर सुरुवात शक्य आहे.

त्यासाठी सगळ्या गटांची बरणी एक हवी. गोल, ४०० मिलिलिटरची, ६३ मिलिमीटर तोंडाची, अंगावर कोणाचंही नाव नसलेली. ओळख फक्त लेबलवर, आणि लेबल कागदी, खळीने चिकटवलेलं. हा तपशील किरकोळ वाटतो, पण धुण्याचा निम्मा खर्च इथे ठरतो. खळीचं लेबल गरम पाण्यात दहा मिनिटांत सुटतं, स्टिकर प्रत्येक बरणीवर खरवडावा लागतो. अनामत १५ ते २० रुपये. झाकण दर वेळी नवं, कारण मऊ कड्यावर एकदा ठसा उमटला की ते पुन्हा घट्ट बसत नाही.

धुण्याचं केंद्र फार मोठं लागत नाही. २०० लिटरच्या स्टीलच्या टाकीत ४ किलो कॉस्टिक सोडा घातला की २ टक्क्यांचं द्रावण होतं. सोडा पाण्यात थोडा थोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, कारण कॉस्टिकशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन निघतो. हातमोजे आणि चष्मा हवेतच. बरण्या ६५ ते ७० अंशांवर पंधरा मिनिटं भिजवून थेट गार पाण्यात टाकल्या तर तडकतात. साध्या काचेला ४० अंशांहून जास्तीचा अचानक उतार सोसत नाही. म्हणून मधे ४५ अंशांचं एक पाणी, मग साधं. शेवटच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून गुलाबी रंग आला तर कॉस्टिक राहिला आहे, पुन्हा खंगाळायचं. नंतर उजेडासमोर धरून ओठ पाहायचा, टवका उडालेली बरणी बाद. वास घ्यायचा, रॉकेल-फिनेल ठेवलेली बरणी बाद. वापरलेलं द्रावण नाल्यात सोडण्याआधी आम्ल घालून सामू (पीएच) ९ च्या खाली आणायचा. पेटच्या बरणीवर हा सगळा प्रकार करता येत नाही. गरम कॉस्टिक तिला खातं आणि ती आकसते.

केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत २०२० पासून सामायिक सुविधांसाठी ३५ टक्के अर्थसाहाय्याची तरतूद आहे. धुण्याचं केंद्र आणि बरण्यांचा पहिला साठा ही सामायिक सुविधाच आहे. राज्याने जिल्हा यंत्रणेमार्फत तसे प्रस्ताव मागवावेत. सध्या यंत्रांच्या यादीत पल्पर (गर काढण्याचं यंत्र) आणि सीलिंग मशीन असतं, बरणी धुण्याची टाकी कोणाच्या मनातही येत नाही.

ही व्यवस्था सगळ्या मालाला लागू करायची नाही. कुरिअरने बंगळुरूला किंवा परदेशी जाणारं लोणचं पेटमध्येच जावं, कमी मुदत छापून आणि नीट सील करून. मुरांबा, जॅम, गरम भरायची चटणी आणि तालुक्यात, जिल्ह्यात खपणारं लोणचं काचेत राहावं. मुंबई-पुण्याच्या दुकानांतल्या रिकाम्या बरण्या कोकणातून माल घेऊन गेलेल्या गाड्यांच्या परतीच्या फेरीत येऊ शकतात.

आणि यश मोजायला एकच आकडा जाहीर करावा: शंभरातल्या किती बरण्या परत आल्या. नव्वद आल्या तर एक बरणी सरासरी दहा वेळा भरली जाते आणि काचेपुढे पेट टिकत नाही. सत्तर आल्या तर सरासरी तीन-साडेतीन फेऱ्या, म्हणजे जेमतेम बरोबरी. पन्नासच येत असतील तर दोन फेऱ्यांत बरणी संपते, आणि अशा तालुक्याने आधी अनामत वाढवून पाहावी. तरीही आकडा हलला नाही तर थंड भरायच्या मालापुरती काच सोडावी आणि तोच पैसा पेटच्या बरण्या गोळा करण्यावर खर्च करावा.